सारंगपाड्याचा मानाचा बॉल

१

सारंगपाड्याच्या स्टेडियमला स्टेडियम म्हणायला धाडस लागायचं. अंधेरीहून बसने शेवटच्या स्टॉपला उतरायचं, नाक नेईल तिकडे चालायचं आणि सुक्या बोंबलाचा वास सोसवेनासा झाला की समजायचं, आलो. पूर्वेला सिमेंटची अकरा पायऱ्यांची गॅलरी, उत्तर-दक्षिणेला तारेचं कुंपण आणि पश्चिमेला काही नाही. पश्चिमेला दर्या. भरतीच्या वेळी कॉर्नर घेणाऱ्याचे पाय ओले व्हायचे. बाहेरून आलेली टीम आधी हसायची, पण हाफटाइमपर्यंत त्यांचं हसू मावळायचं, कारण तिथला वारा फक्त गाववाल्यांचं ऐकायचा.

खेळ चालायचा पावसाळ्यात. होड्या वर ओढल्या की गावातले तरणे गडी घरी, आणि घरी बसलेला कोळी म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. म्हणून अठ्ठेचाळीस साली पोरांनी ही जागा साफ केली. पंचावन्नला गॅलरी उभी राहिली. प्रत्येक होडीने खाडीतून रेती आणली, बायकांनी पाट्या वाहिल्या. गोरेगावच्या स्टुडिओतल्या कामगारांची टीम यायची, गिरणीवाल्यांची यायची, एकदा तर पोलिसांची आली आणि चार गोल खाऊन गेली. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की फुटबॉल बंद. मग त्याच गोलपोस्टांना दोर बांधून बोंबील वाळत घालायचे.

आणि एक रिवाज होता. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फायनल. शेवटची शिट्टी झाली की जिंकलेल्या कप्तानाने तोच बॉल दर्यात मारायचा. नारळ गावाचा, बॉल पोरांचा. एरवी भरतीत गेलेले बॉल ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी सापडायचे, पण हा मानाचा बॉल एकदाही परत आला नव्हता. आणायलाही कुणी जायचं नाही. वाहिलेली वस्तू परत घेत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मैदानाचा राखणदार लहू. वय बावन्न. चुन्याच्या रेषा मारणं, फाटलेले बॉल जाळ्याच्या दोऱ्याने शिवणं आणि दर मोसमाच्या मानाच्या बॉलवर काळ्या रंगाने सालाचा आकडा काढणं, ही त्याची कामं. शिवाय ओहोटी लागली की नाल्याच्या तोंडापर्यंत एक फेरी मारून यायची. हिवाळ्यात बॉलच नसायचे, तरी फेरी चुकायची नाही. पार्वती, त्याची बायको, म्हणायची की या माणसाला घरात बसवत नाही, दुसरं काही नाही. तिचं निम्मं खरं होतं.

२

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत भिंतीचं काम सुरू झालं. दर्या दरवर्षी मैदान खातोय, म्हणून पश्चिमेला दगडी भिंत घालायची, अशी वरून ऑर्डर आली होती. उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला नाल्याच्या तोंडाशी संपवायची. कामाचा मुकादम जयवंत, मालवणकडचा, पान खाणारा आणि माणसांत रमणारा. महिन्याभरात भिंत पुरी करतो म्हणाला.

पहिल्याच बुधवारी लहू ओहोटीची फेरी मारत होता आणि नाल्याच्या तोंडाशी बॉल पडला होता.

फुटबॉल सहा महिन्यांपासून बंद. लहूला वाटलं, शेजारच्या पाड्यातल्या कुणाचा असेल. उचलला, फिरवून पाहिला. बॉलवर त्याच्याच हाताने काढलेला आकडा होता. १९८५. मागच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत दर्यात गेलेला.

येतो एखादा, त्याने स्वतःची समजूत घातली. दगड ओतल्यामुळे प्रवाह बदलला असेल, तळाचं वर आलं असेल. एकच गोष्ट त्याला पटेना. सहा महिने पाण्यात राहिलेला बॉल टणक होता, आणि चामडं कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी ८४ आला. शुक्रवारी ८३.

३

गॅलरीच्या खाली एक खोली होती, जाळ्या आणि कॉर्नरचे झेंडे ठेवायची. लहूने बॉल तिथे ओळीने मांडले. कुणी मस्करी करतंय का, म्हणून त्याने दोन दिवस नाल्याच्या तोंडाशी दबा धरला. कुणी आलं नाही. पाणी मागे सरायचं, वाळू उघडी पडायची, आणि नजर जरा इकडे-तिकडे झाली की तेवढ्यात बॉल तिथे असायचा. तो घरंगळत येताना मात्र लहूला कधी दिसला नाही.

दिवसाला एक. दिवसाच्या ओहोटीला. सालं उलटी मोजत.

बाराव्या दिवशी काहीच आलं नाही. लहू वाळूत गुडघ्यावर बसून राहिला. आधी हायसं वाटलं, की संपला बाबा तमाशा. मग त्याने हिशेब केला. आजचा बॉल चौऱ्याहत्तरचा असायला हवा होता. चौऱ्याहत्तर साली गावात काविळीची साथ होती. त्या वर्षी फायनल झालीच नव्हती. बॉल वाहिलाच नव्हता.

तेराव्या दिवशी ७३ आला. त्यानंतर लहूने मस्करीचा विचार सोडून दिला.

पार्वतीला कळायचं ते कळलंच. बोंबील उलटवायला बायका मैदानात असायच्या, आणि खोलीतून आवाज येतो म्हणून तिनेच दार ढकललं. आवाज मोठा नव्हता. दाबून भरलेलं चामडं उन्हात करकरतं, तसा. फक्त त्या खोलीत ऊन येत नसे. तिने बॉलवरचे आकडे वाचले आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"जे दर्याला दिलं ते दर्याचं," ती म्हणाली. "तुमी कोन परत घेनारे? आजच्या आज सगळे पान्यात टाका."

लहू हो म्हणाला. पण टाकले नाहीत. तिनेही पुन्हा विचारलं नाही, कारण नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असा आतुर कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या वेळीही नाही, असं ती नंतर शेजारणीला हसत म्हणाली, पण हसू काही तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

४

आता लहूला कशाची ओढ लागली होती ते सांगायलाच हवं.

त्याचा धाकटा भाऊ चंदू. एकोणसाठ साली एकवीस वर्षांचा, टीमचा डावा विंग. चेंडू पायात आला की गॅलरी उभी राहायची, एवढंच त्याच्याबद्दल सांगितलं तरी जुन्या माणसांना पुरे. घरात मात्र तो कुणी मोठा नव्हता, नुसता लहूच्या मागे मागे. दादा, हे कर. दादा, ते दे. बॉलच्या आतली रबरी पिशवी तोंडाने फुगवायची असे तेव्हा, पंप कुठला आलाय. ते काम चंदूचं. त्याचा दम मोठा. गाल फुगवून, डोळे वटारून तो फुगवत राहायचा, आणि लहू वरून चामड्याची लेस आवळायचा.

त्या वर्षी बॉल नवा होता. असलं चामडं गावाने पाहिलं नव्हतं. फायनल सारंगपाड्याने जिंकली, कप्तानाने बॉल दर्यात मारला, बँडवाले पुढे आणि गाव मागे असं सगळं नाचत देवळाकडे गेलं. मागे राहिले दोघे. लहूचा जीव त्या बॉलवरून निघेना. तो पंचवीस वर्षांचा होता आणि आपल्याला फार कळतं असं त्याला वाटायचं.

"जा, घेऊन ये," तो चंदूला म्हणाला. "कोन बघतंय?"

चंदू एकदाच म्हणाला की दादा, वाहिलाय तो. मग दादाने सांगितलं म्हणून गेला. पोहत बॉलपर्यंत पोचला, बॉल डोक्यावर धरून हसलाही. एक लाट आली. लाट सरली तेव्हा पाणी सपाट होतं.

गावाने तीन दिवस शोधलं. प्रेत मिळालं नाही. लहूने सगळ्यांना सांगितलं की अंगावरचा चिखल धुवायला गेला होता. आईला तेच सांगितलं, आणि आई मरेपर्यंत चंदूचं ताट वाढत राहिली. पार्वतीलाही तेच. सत्तावीस वर्षं त्याने हा एक घास तोंडात धरून ठेवला होता, गिळता येईना आणि थुंकता येईना. चंदू एकदा, एकदाच दिसावा. त्याला सांगता यावं की बाबा, चूक माझी. दुसरं काही त्याला आयुष्याकडून नको होतं.

आणि बॉल रोज एकेक साल मागे जात होते.

५

भिंत मात्र पुढे येत होती. लहू सकाळी उठून आधी भिंत बघायचा. जयवंतचे गवंडी हाताचे चपळ. एक दिवस सिमेंट आलं नाही तेव्हा लहूने देवाला नारळ फोडला, आणि जयवंतला वाटलं भिंतीसाठी फोडला.

एकोणसाठचा बॉल सत्ताविसाव्या दिवशी यायचा. सोमवारी, अमावास्येला. नाल्याचं तोंड बंद झालं की वाट बंद. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मोठाले दगड ओतले होते. तिथे बॉल आला तर फटीत जाऊन बसणार, हाताला लागणार नाही. लहूने जयवंतला घरी जेवायला बोलावलं, पापलेट खाऊ घातलं, आणि हात धुताना हळूच विषय काढला. नाल्याशी माणूसभर फट तेवढी मंगळवारपर्यंत ठेव. कशाला, ते विचारू नकोस.

जयवंतने विचारलं नाही. तो विचारणाऱ्यातला नव्हता. पण नाही म्हणून मान हलवली.

"लहूदादा, माझ्या हातात नाय ता. सोमवारी अमावास्येचा उधाण. फट ठेवलंय तर अख्खी कड जातली. मग माझी नोकरी पण जातली."

रविवार महाशिवरात्र होती. गवंडी सुट्टीवर. त्या संध्याकाळच्या ओहोटीला १९६० चा बॉल आला, आणि लहू तो छातीशी धरून खोलीत गेला.

त्या वर्षापासून पिशवी फुगवायचं काम लहूकडे आलं होतं. चंदू नव्हता ना. लहूने खाली बसून लेस सोडली, पिशवीच्या नळीची गाठ सोडली आणि तोंड जवळ नेलं. हवा हळूहळू बाहेर आली. तिला विडीचा वास होता. साठ साली तो विडी ओढायचा, आईच्या मरणानंतर सोडली. सव्विसाव्या वर्षी त्याने स्वतः फुंकलेला श्वास त्याच्या तोंडावर आला, कोमट.

लहू तिथेच भिंतीला टेकला. उद्याच्या बॉलमध्ये कुणाचा श्वास आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. तो रडला. बाहेर बोंबील गोळा करणाऱ्या बायका जराशा थांबल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. त्याच्यामागचे चोवीस बॉल मात्र करकरायचे थांबले होते. ते थांबणं त्याला मुळीच आवडलं नाही.

६

सोमवारी दहा वाजता शेवटचा दगड बसला. लहू समोर उभा राहून बघत होता. जयवंत त्याच्याकडे न बघता माणसांना घाई करत होता. त्यांचं पुढचं काम मानखुर्दला होतं, टेम्पो येऊन थांबलेला. जाता जाता तो लहूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की रागावू नको. लहू रागावला नव्हता. त्याच्यात रागावण्याएवढं काही उरलं नव्हतं.

बारा वाजता उधाण भरलं. बायका जेवायला घरी गेल्या. मैदानात ऊन, दोरांवरचे बोंबील आणि लहू. पश्चिमेला पहिल्यांदाच दर्या दिसत नव्हता. दीड पुरुष उंचीची भिंत, आणि तिच्या पलीकडे जवळजवळ तेवढंच पाणी.

तेवढ्यात भिंतीवर थाप पडली.

लाट, तो मनाशी म्हणाला. पण लाट दगडावर फुटते, पसरते. हा आवाज एका जागी होता. थप्. मग जरा वेळ. पुन्हा थप्, त्याच दगडावर, छातीएवढ्या उंचीवर. एकटा पोरगा भिंतीवर बॉल मारत बसतो, परत आलेला पायावर घेतो आणि पुन्हा मारतो, तो आवाज लहूने जन्मभर ऐकला होता. डाव्या पायाचा फटका जरा तिरका बसतो. हा तिरका बसत होता.

एवढ्या पाण्यात, खाली निसरडे दगड, तिथे उभं राहून कुणी बॉल कसा मारेल? त्याच्या डोक्याने त्याला अगदी सरळ विचारलं. चंदूला जमेल, असं त्याने डोक्याला सांगितलं.

तो भिंतीपाशी गेला. दोन्ही तळवे दगडावर ठेवले. चुना-सिमेंट अजून ओलं होतं, हाताला लागलं.

"चंदू," तो म्हणाला. "मी पाठवलं रे तुला. कुनाला नाय सांगितलं. आयेला पन नाय."

थाप थांबली.

लहू कपाळ दगडाला टेकून उभा राहिला. सत्तावीस वर्षांचं ओझं एका दमात उतरलं होतं. पलीकडे नुसतं पाणी हलत होतं. मग भिंतीवरून बॉल आला. उंच, सावकाश, उन्हात फिरत, आणि बोंबलांच्या दोरांखाली येऊन पडला. जवळ जाऊन बघायची गरज नव्हती. तसलं चामडं गावाने पुन्हा पाहिलंच नव्हतं.

७

पार्वती डबा घेऊन आली तेव्हा नवरा गोलपोस्टाचा दोर सोडत होता. बोंबील वाळूत पसरले होते, आणि ते तुडवत तो भिंतीकडे धावला. तिने हाक मारली. त्याने मागे न बघता सांगितलं की चंदू आलाय, पलीकडे आहे, त्याला वर घ्यायचंय. एवढ्या आनंदाने तो बोलला की क्षणभर तिलाही वाटलं, असेल.

त्याने दोराचं टोक भिंतीवरून पलीकडे फेकलं आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं.

दोर ताणला गेला.

लहूने चाळीस वर्षं जाळी ओढली होती. दोराला कितीचा भार आहे, हे कोळ्याच्या हाताला डोळ्यांच्या आधी कळतं. आधी एका माणसाचा भार आला. चंदूएवढा, अंगाने सडपातळ, तेवढाच. लहू हसला. "ये," तो म्हणाला, "ये रे, हाय मी." मग आणखी भार आला. मग आणखी. दोर त्याच्या मनगटात रुतला आणि त्याच्या टाचा वाळूत घसरू लागल्या.

गॅलरीखालच्या खोलीचं दार आतून थडथडू लागलं.

"अवो, सोडा तो दोर," पार्वती म्हणाली. ती ओरडली नाही. अगदी हळू बोलली, कुणी ऐकू नये तसं. "माझ्यासाठी सोडा."

भिंतीच्या माथ्यावर एक हात आला. ओला, तरुण हात. बोटांनी दगडाची कड धरली. अंगठ्याच्या मुळाशी, लहानपणी जाळं विणायची सुई घुसली होती तिथला खड्डा लहूला इथून दिसला, आणि त्याच्या तोंडून भावाचं नाव निघालं. हात उजवा होता.

त्याच्या शेजारी दुसरा हात वर आला. तोही उजवाच.

लहूने तो पाहिला. पार्वतीने पाहिला हेही त्याला कळलं. त्याने दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला, टाचा वाळूत रोवल्या आणि ओढू लागला.